कला मंडळाची जबाबदारी आली आहे. विद्यार्थ्यांच्या कामात प्राध्यापकाने किती लक्ष घालावे?

प्रश्न – रसायनवाली

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. यंदा समित्यांचे वाटप झाले तेव्हा प्राचार्यांनी कला मंडळ माझ्याकडे सोपवले. नाटकाशी माझा संबंध केवळ प्रेक्षक म्हणून आहे, परंतु काम मिळाले आहे तर ते नीट करावे अशी इच्छा आहे, म्हणून येथील अनुभवी मंडळींचा सल्ला घेत आहे.

मंडळात पंचवीसएक विद्यार्थी आहेत आणि ते स्वतःहून उत्साहाने काम करतात. सध्या स्पर्धेसाठी एका एकांकिकेची तालीम चालू आहे. संहिता त्यांच्यातल्याच एका विद्यार्थ्याने लिहिली असून विषय आंतरजातीय विवाहाचा आहे. संस्थेच्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या कानावर हे गेले आणि ‘विषय जरा सौम्य करता आला तर पाहा’ असा निरोप मला तोंडी मिळाला. विद्यार्थी एकही वाक्य बदलायला तयार नाहीत. तालीम संध्याकाळी तास संपल्यावर सुरू होते आणि रात्री नऊपर्यंत लांबते. आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी मात्र सातच्या सुमारास सुटते. वर्गणी एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवरील खात्यात जमा होते आणि खर्चही तेथूनच होतो. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांची बदली संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात झाली असून, मला मिळालेल्या फाईलमध्ये छायाचित्रे आणि प्रमाणपत्रांच्या प्रती यांखेरीज काहीही नाही.

मंडळ विद्यार्थ्यांचे आहे आणि ते त्यांनीच चालवावे असे मला मनापासून वाटते. परंतु प्रत्येक अर्जावर सही माझी असते. अशा परिस्थितीत कोठे लक्ष घालावे आणि कोठून दूर राहावे, हे ठरवायचे कसे?

उत्तर १ – मराठी विभाग (निवृत्त)

मॅडम, आपण योग्य प्रश्न अगदी वेळेवर विचारला आहे, कारण पुष्कळ जण तो पहिली अडचण उभी राहिल्यावर विचारतात.

माझे मत स्पष्ट आहे. रंगमंचावर जे दिसते आणि ऐकू येते त्याचा निर्णय विद्यार्थ्यांचा असावा. आणि जे बिघडले तर एखाद्या विद्यार्थ्याच्या जिवाला, अब्रूला किंवा घरच्या पैशाला धक्का लागेल त्याचा निर्णय आपला असावा. संहितेची निवड, भूमिकांचे वाटप, दिग्दर्शन, नेपथ्य, संगीत हे सारे त्यांचे. तालमीची वेळ, प्रवास, पैसा, परवानग्या आणि तक्रारी हे आपले. वर्षाच्या पहिल्याच बैठकीत हे सर्वांसमोर बोलून, दोन परिच्छेदांत लिहून, मंडळाच्या सचिवाची आणि आपली सही घेऊन ठेवावे. नंतर ऐन धावपळीत ‘हे तुमचे की आमचे’ असा वाद निघतो, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे. त्या स्पर्धेत भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो. झगमगीत नेपथ्य किंवा महागडी प्रकाशयोजना यांच्या जोरावर तेथे कोणी जिंकत नाही. मराठी रंगभूमीला एवढे लेखक आणि नट महाविद्यालयांतून मिळाले त्याचे एक कारण हेच आहे, असे मी मानतो. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीवर जेव्हा सारे नाट्यगृह उत्तर देते, तेव्हा त्या आवाजात मुलांना आपण स्वतः केलेल्या कामाचा अभिमान असतो. प्राध्यापकाने बसवून दिलेल्या नाटकाला तो अभिमान लाभत नाही, मग बक्षीस मिळो अथवा न मिळो.

तालमीला अवश्य जावे, पण शेवटच्या रांगेत बसावे आणि दिग्दर्शन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आधी काहीही बोलू नये. मी हे वारंवार पाहिले आहे: दिग्दर्शक मुलगी नटाला एका वाक्यावर थांबवून ‘इथे तू बापाकडे बघायचं नाहीस, पाटावर ठेवलेल्या ताटाकडे बघायचंस’ असे समजावत असते, त्याच वेळी मागून सरांचे ‘छान, पण जरा लवकर घ्या’ एवढे पाच शब्द येतात, आणि पुढच्या प्रवेशापासून सगळे नट तिच्याकडे पाहायचे सोडून सरांच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. तेथून पुढे ती मुलगी नावापुरती दिग्दर्शक उरते. आपल्याला काही सांगायचेच असेल तर ते तालीम संपल्यावर, तिला एकटीला, आणि शक्यतो प्रश्नाच्या रूपात सांगावे. आपण नाटकातल्या जाणकार नाही याची खंत बाळगू नका. जाणकार प्राध्यापकालाच गप्प बसणे अधिक अवघड जाते.

आता संहितेविषयी. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे) पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि बहुतेक स्पर्धांचे संयोजक ते प्रमाणपत्र मागतात. तो अर्ज वेळेत जाईल एवढे आपण पाहावे. संस्थेकडून निरोप तोंडी आला आहे, तर त्याला तोंडी उत्तर देऊन विषय मिटवू नये. प्राचार्यांना एक छोटे पत्र लिहावे: एकांकिकेचा विषय अमुक आहे, संहिता मी वाचली आहे, ती परिनिरीक्षणासाठी पाठवत आहोत, महाविद्यालयाचा काही आक्षेप असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावा. आक्षेप लेखी देण्याची वेळ आली की तो घेणाऱ्यालाही त्याचे कारण शोधावे लागते, आणि पुष्कळदा कारण सापडत नाही. ज्या भूमीत महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, तेथे महाविद्यालयीन मुलांनी आंतरजातीय विवाहावर नाटक लिहिले तर त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे आपले कामच आहे. मात्र विद्यार्थ्यांशीही मोकळेपणाने बोला. संहितेत गावातील एखाद्या प्रत्यक्ष कुटुंबाकडे बोट दाखवले जात असेल, तर तेवढा भाग बदलायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, कारण तेथे प्रश्न विषयाचा राहत नसून एखाद्या खऱ्या माणसाच्या अब्रूचा होतो.

पुढेमागे मुलांनी दुसऱ्याची संहिता घेतली तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात शैक्षणिक संस्थेला सवलत आहे. परंतु ती विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी केलेल्या, आणि ज्याचे प्रेक्षकही विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच आहेत, अशा प्रयोगापुरती आहे. स्नेहसंमेलनातील प्रयोग त्यात बसतो. बाहेरच्या स्पर्धेतला किंवा तिकीट लावून केलेला प्रयोग बसत नाही, त्यासाठी लेखकाची लेखी परवानगी हवी. लेखक हयात नसले तरी त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे हा अधिकार वारसांकडे असतो.

उत्तर २ – रासेयो कार्यक्रम अधिकारी

वरील सरांशी मी सहमत आहे. मी तालमीच्या वेळेबद्दल आणि तक्रारींबद्दल लिहितो, कारण तेथे एक दिवसही दिरंगाई चालत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आमच्याकडे शंभर स्वयंसेवकांच्या एककामागे एक कार्यक्रम अधिकारी असतो, स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, सात दिवसांचे निवासी शिबिर असते. कोणी काय करायचे ते पुस्तिकेत लिहिलेले आहे. कला मंडळाला असा सांगाडा कोणी दिलेला नाही, त्यामुळे तो आपणच उभा करावा लागतो.

शेवटची एसटी सातला सुटत असेल, तर तालमीची मुख्य वेळ दुपारीच असली पाहिजे. यावर विद्यार्थी कुरकुर करतील, कारण रात्रीच्या तालमीची एक वेगळीच गोडी असते. तरीही ही बाब मतदानाला टाकू नका. नऊपर्यंतची तालीम ठेवली तर त्याचा अर्थ एवढाच होतो की बाहेरगावच्या मुलींना भूमिका मिळणार नाहीत, आणि ‘मुली मिळतच नाहीत’ असे वर पुन्हा म्हटले जाईल. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात उशीर अटळ असतो. त्या दिवसांसाठी प्राचार्यांची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रे, वसतिगृहात किंवा गावातील मैत्रिणीच्या घरी राहण्याची नक्की सोय आणि एक प्राध्यापिका शेवटपर्यंत उपस्थित, एवढे ठरवून घ्यावे. बाहेरगावी स्पर्धेला जाताना वाहनाची कागदपत्रे, चालकाचा परवाना, प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक यांची यादी आपल्याजवळ आणि एक प्रत कार्यालयात असावी. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले, ती दुर्घटना आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. स्पर्धा कोकणात असेल तर ‘सर, दहा मिनिटं पाण्यात जाऊन येतो’ ही विनंती येणारच, आणि तिला नाही म्हणायचे हे निघतानाच ठरलेले असावे.

दुसरे म्हणजे तक्रार. नाटकाच्या गटात मुले तासन् तास एकत्र असतात, त्यामुळे एखाद्या दिवशी कोणी मुलगी आपल्याजवळ येऊन काही सांगण्याची शक्यता आहे. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका, आणि ‘प्रयोग होईपर्यंत थांब’ असे तर मुळीच म्हणू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्याकडे कसे जायचे ते तिला सांगा आणि तिची इच्छा असेल तर सोबत जा. तक्रारीची मुदत साधारण घटनेपासून तीन महिन्यांची असते, म्हणून ‘स्पर्धा संपल्यावर बघू’ या एका वाक्याने तिचे मोठे नुकसान होऊ शकते.

पहिल्या वर्षाच्या मुलांकडेही लक्ष असावे. सामान उचलणे, पाट्या रंगवणे ही मंचामागची कामे सर्वांनी केली तर ते शिक्षण आहे. तीच कामे नेहमी फक्त नव्यांनी करायची, वर ज्येष्ठांचे डबे आणून द्यायचे आणि नाही म्हटले तर गटातून काढण्याची भीती घालायची, तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे.

उत्तर ३ – लेखा विभागातून

मी प्राध्यापक नाही, महाविद्यालयाच्या कार्यालयात हिशोब पाहतो. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होणारी वर्गणी या आठवड्यातच बंद करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या मुलाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे काही कारण नाही. पण उद्या कोणी शंका घेतली तर ती दूर करायला त्याच्याजवळ कागद नसेल, आणि विसाव्या वर्षी पैशाच्या बाबतीत लागलेला डाग गावात फार काळ टिकतो. आजपर्यंत जमा झालेल्या आणि खर्च झालेल्या रकमेची यादी त्याच्याकडून करून घ्या, सर्वांसमोर वाचा, उरलेली रक्कम कार्यालयात भरून पावती घ्या.

पुढील खर्चासाठी रीत अशी आहे. अंदाजपत्रक जोडून प्राचार्यांकडे अर्ज करावा, मंजुरी मिळाली की आपल्या नावे उचल (आगाऊ रक्कम) मिळते, आणि कार्यक्रम झाल्यावर पावत्यांसह हिशोब सादर करून उचल मिटवावी लागते. उचल आपल्या नावे असते हे विसरू नये. ती मार्चअखेर मिटली नाही तर लेखापरीक्षणात आपलेच नाव येते. नाटकाच्या खर्चात पावती न मिळणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात: टेम्पोवाला, हमाल, चहा, जुन्या बाजारातून आणलेला कंदील. यांच्यासाठी छापील व्हाउचरवर रक्कम, कारण, घेणाऱ्याची सही आणि मोबाईल क्रमांक त्याच दिवशी घ्यावा. दोन दिवसांनी तो टेम्पोवाला सापडत नाही. भाड्याने आणलेल्या वेशभूषेची अनामत रक्कम वेगळी लिहावी, कारण ती परत येते आणि नेमकी तीच परत आणायचे राहून जाते. विकत घेतलेले सामान, मग ते लाकडी पाट असोत वा दिवे, जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढवावे. म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच पुन्हा विकत घ्यावे लागणार नाही.

रोख बक्षीस मिळाले तर ते कोणाचे, हे स्पर्धेला जाण्यापूर्वी ठरवून लिहून ठेवा. वैयक्तिक बक्षीस त्या विद्यार्थ्याचे आणि सांघिक बक्षीस मंडळाचे, असा नियम आमच्याकडे आहे व त्यावर कधी वाद झालेला नाही. हिशोबाची वही मात्र आपण लिहू नका. ती खजिनदार विद्यार्थ्याला लिहू द्या आणि दर शनिवारी फक्त तपासून सही करा.

उत्तर ४ – माजी सचिव

मी पदवीच्या काळात आमच्या नाट्यमंडळाची सचिव होते. विद्यार्थ्यांच्या बाजूने एवढेच सांगते की आम्हाला प्रमुख प्राध्यापकांकडून नाटकाचे ज्ञान नको असते, नाट्यगृहाची किल्ली हवी असते. किल्ली म्हणजे खरीखुरी किल्ली. सभागृह कोणाच्या ताब्यात आहे, शिपाईमामा किती वाजता जातात, परीक्षेच्या काळात कोणता वर्ग रिकामा मिळेल, गैरहजर राहिल्यामुळे बुडालेल्या प्रात्यक्षिकाची भरपाई कोण करून देईल, यांत आमचा निम्मा जीव जायचा. आमचे सर दर सोमवारी मधल्या सुट्टीत ठरलेल्या जागी बसत आणि ‘या आठवड्यात कोणाची सही लागेल?’ असे विचारत. बाकी सर्व आम्ही करत असू. मुलींच्या घरी दूरध्वनीही ते स्वतः करत, आणि माझ्या वडिलांनी परवानगी दिली ती त्या एका दूरध्वनीमुळे, हे मला माहीत आहे.

फाईल रिकामी मिळाल्याचे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे एक जाड वही होती. दर वर्षीचा सचिव त्यात लिहायचा: वेशभूषा कोठून आणली आणि काय दराने, कोणत्या स्पर्धेचा अर्ज कधी निघतो, कोणत्या नाट्यगृहात डाव्या विंगेत जागा कमी आहे, कोणता प्रवेश तालमीत बसत नव्हता आणि शेवटी कसा बसला. ती वही सरांच्या कपाटात राहायची. विद्यार्थी तीन वर्षांनी जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांना जे समजले तेही जाते. ते टिकवण्याची जागा प्रमुखांचे कपाट हीच आहे. मॅडम, जुन्या विद्यार्थ्यांचे क्रमांक शोधून त्यांना एक दिवस बोलवा. ते येतील, आणि सांगता सांगता अर्धी वही भरेल.

उत्तर ५ – मिडवेस्टहून

मी अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात शिकवतो आणि तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचा सल्लागार आहे. येथे बहुतेक विद्यापीठांत संघटनेची नोंदणी करायची तर प्राध्यापक किंवा कर्मचारी सल्लागार असावाच लागतो. मात्र त्याला संघटनेत मत नसते. अध्यक्ष, खजिनदार आणि अंदाजपत्रक हे सर्व विद्यार्थ्यांकडे असते. मला आधी हे फार सैल वाटायचे. पण सुरक्षिततेच्या बाबतीत येथील कायदा सल्लागाराला अजिबात मोकळे सोडत नाही. विद्यापीठांच्या आवारातील गुन्ह्यांविषयीच्या क्लेरी कायद्यानुसार विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराच्या कानावर ठरावीक प्रकारचा गुन्हा आला तर तो त्याने विद्यापीठाला कळवावाच लागतो, आणि नवागतांच्या छळाविरुद्ध डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने संस्थांवरील बंधन आणखी वाढले आहे. म्हणून दर वर्षी नव्या कार्यकारिणीला मी पहिल्याच भेटीत सांगतो की माझ्याजवळ मन मोकळे करा, परंतु काही गोष्टी मी गुप्त ठेवू शकणार नाही, आणि त्या कोणत्या हे आत्ताच ऐकून घ्या. हे आधी सांगितले की विश्वासघात झाल्याची भावना राहत नाही. भारतातही हे सुरुवातीलाच सांगून टाकणे हिताचे ठरेल.

रसायनवाली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विद्यार्थ्यांची बैठक घेतली. तालीम दुपारी अडीच ते साडेसहा ठरली. दोन प्रात्यक्षिकांच्या वेळा बदलण्याची विनंती मी संबंधित विभागांना करणार आहे. खात्यातील रकमेची यादी खजिनदाराने तेथेच वाचून दाखवली आणि उरलेले पैसे आज कार्यालयात भरले. संहितेबाबतचे पत्र प्राचार्यांकडे दिले असून, लेखक विद्यार्थ्याने एका पात्राचे आडनाव स्वतःहून बदलले, कारण त्या आडनावाचे गावात एकच घर आहे. आणखी एक शंका विचारते. या कामात जाणारा वेळ पाहता सहकारी म्हणतात की पदोन्नतीच्या दृष्टीने यापेक्षा शोधनिबंध लिहिलेला बरा. हे खरे आहे का?

रासेयो कार्यक्रम अधिकारी

पूर्णपणे खरे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकांच्या वार्षिक मूल्यमापनाचा जो तक्ता आहे, त्यात विद्यार्थ्यांशी संबंधित सहशैक्षणिक कामे हा एक स्वतंत्र प्रकार असून विद्यार्थी मंडळांचा उल्लेख तेथे नावानिशी आहे. तक्त्यातील निरनिराळ्या प्रकारांतील मिळून किमान तीन कामे वर्षात झाली तर त्या भागासाठी ‘चांगले’ हा शेरा मिळतो. त्यामुळे नियुक्तीचे पत्र, कार्यक्रमाचा अहवाल, उपस्थितीची यादी आणि दिनांकासह छायाचित्रे त्या त्या वेळीच फाईलला लावा. हीच कागदपत्रे नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) वेळी महाविद्यालयालाही लागतात. बढतीच्या टप्प्यावर शोधनिबंधांची जी अट असेल ती मात्र या कामाने भागत नाही, तेवढा वेळ आपण राखून ठेवावा. प्रात्यक्षिकांच्या वेळा बदलण्याची विनंती तोंडी न करता विभागप्रमुखांना पत्राने करा आणि त्याची पोच घ्या. एकांकिकेची प्राथमिक फेरी कधी आहे ते येथे कळवा. जवळपास असेल तर आमचे स्वयंसेवक प्रेक्षकांत असतील.